म्हापशाच्या फेस्तात

२९ एप्रिल १९५४, गुरुवार

ट्रंक भरून तयार! निघायचं परवा आणि नर्मदेने आजच वरून दोरीसुद्धा आवळून टाकली. आता मला उद्या नेसायला पातळ हवं तर दोरी सोडा, ट्रंक उपसा, पुन्हा बांधा. बाईसाहेब परदेशी चालल्यात ना!

परदेश म्हणजे काय, तर म्हापसा. शिरोड्याहून आरोंदा, आरोंद्याला किरणपाणीवर होडीत बसायचं, पलीकडे उतरलं की पोर्तुगीज सरकार. तिकडच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वारा असला तर अलीकडे ऐकू येते. माडही तेच, मासळीही तीच. पण शाळेत बातमी फुटली आणि हेडमास्तर म्हणाले, "रुक्मिणीबाई, फॉरीनला चाललात! आमच्यासाठी एक घड्याळ आणा." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली!

हौसाबाई मावशी, आईची धाकटी बहीण, म्हापशात दिलेली. दर वर्षी तिथल्या फेस्ताला, चर्चच्या जत्रेला, बोलावते, दर वर्षी मी नाही म्हणते. या खेपेला नर्मदा म्हणाली, "आक्का, एकदा तरी जाऊया गो." एवढंच. तिशी उलटली तिची. पत्रिकेत कडक मंगळ. स्थळं आली तशी गेली, आता येतही नाहीत. आई गेल्यापासून माझं घर तीच सांभाळते. मागत काही नाही कधी. म्हटलं चला, एकदा पाहून घे म्हणजे डोक्यातून जाईल.

१ मे, शनिवार

म्हापसा. पोचलो. अंगाचं भुस्कट झालं आहे.

अलीकडे आपल्या कस्टमवाल्याने ट्रंक उघडायला लावली. (दोरी!) पलीकडे त्यांच्या माणसाने पुन्हा उघडायला लावली. दोघांनीही माझीच पातळं हुंगली. काय सापडणार होतं? मावशीसाठी सुक्या सुंगटांची, कोळंबीची, पुरचुंडी तेवढी होती, ती पलीकडच्या गार्दाने बाहेर काढून नाकाशी धरली, शिंकला आणि परत ठेवली. नर्मदा हसली! शिपायासमोर, तोंडाला पदर न लावता! मी चिमटा काढला तेव्हा गप्प झाली.

पुढे खटारा मोटर, मग पुन्हा एक होडी, मग पुन्हा मोटर. परदेशातली धूळही आपल्यासारखीच लाल.

२ मे, रविवार

मावशीने सकाळपासून खायला घातलं. तिचं तोंड बंद होत नाही आणि आपलं होऊ देत नाही.

३ मे, सोमवार

आज फेस्त पाहिलं. मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे त्यांच्या मेरीमातेचं. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी मावशीने बोलावलं की काढून वाचता येईल.

सकाळी इगर्जीत तेल वाहायला रांग. ख्रिस्ती तर ख्रिस्ती, पण हिंदूही बाटल्या घेऊन उभे! मावशीही. म्हणे ही सायबीण आपल्या लईराई देवीची बहीणच. असेल बाई. बहिणी-बहिणींचं कुठे कुठे पसरलेलं असतं.

पण हे सगळं निमित्त. खरा सण अंधार पडल्यावर. मैदानभर ग्यासबत्त्या सूं सूं करताहेत आणि जिकडे पाहावं तिकडे खाणं. नुसतं खाणं! गुळाने माखलेल्या खाज्यांचे ढीग, त्यावर माश्या आणि माश्यांवर हाकलणारा पंखा. चण्याच्या भट्ट्या. एका दुकानात लालभडक माळा लोंबत होत्या. मी म्हटलं, इथे रुद्राक्ष कोण घेतं? मावशी हसून हसून वाकली. ती चोरीस! डुकराच्या मांसाची. मी तीन पावलं मागे सरले ती एका फेणीवाल्याच्या पिंपावर आपटले. त्या पातळाचा वास आता किती धुण्यांत जाणार देव जाणे.

त्यात बँडवाले. एकाचं वाजवणं दुसऱ्याला ठाऊक नाही. पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, शिपाई कमरेचे पट्टे सैल करून खाताहेत. पाद्री सायब शेंगदाणे सोलताहेत, टरफलं झग्यावर. बायका उघड्यावर, भर रस्त्यात, तोंड वर करून खाताहेत! धुराने डोळे चुरचुरले म्हणून मी पुसत होते तर मावशी म्हणते, "रडतंस कित्याक गो?" धूर दिसत नाही बाईला.

आणि आमच्या नर्मदाबाई कुठे? मागे वळून पाहते तर नाही! जीव घाबरा झाला. परका मुलूख, हे असले शिपाई. सापडली ती एका भल्या मोठ्या काइलीसमोर. नीरफणसाची कापं तळत होता एक माणूस. चाळिशीचा असेल. बनियन, खांद्यावर पंचा, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर. ओरडतोय, "कापां! गरम कापां!" आणि ही त्याला सांगते आहे, "जाड कापलास. भायरसून लाल झाली तरी आतसून कच्ची रवतली."

अनोळखी पुरुषाला! शिरोड्यात ही वाण्याला गूळ किती द्यायचा ते मला सांगायला लावते.

त्याने झाऱ्यातलं एक काप मोडून पाहिलं. कच्चं. मग हसला. पुढचे दोन दात किंचित फाकलेले आहेत. म्हणाला, "खरेंच गो. सांजेसावन लोक खातात आनी कोणूच उलोवंक ना!" (म्हणजे कोणी बोललंच नाही.) आणि सुरी तिच्यापुढे धरली. तिने घेतली! मी हाताला धरून ओढून आणली तिला.

मावशी म्हणे, तो अस्नोड्याचा गुरुदास. आपल्यातलाच. फेस्ताफेस्तांत दुकान लावतो. मी विचारलं होतं का?

४ मे, मंगळवार

पुन्हा गेलो. मी येत नाही म्हणत होते, पण दोघींना एकट्या सोडायचं तर काल काय झालं ते पाहिलंच आहे.

सरळ त्याच काइलीकडे. जसं काही म्हापशात दुसरं काही बघण्यासारखं नाही. (नाहीच म्हणा.) आणि नर्मदा पदर खोचून आत गेली, पाटावर बसली, नीरफणस चिरायला घेतला. सगळ्या जगासमोर! मी मावशीला म्हटलं, "हिला उठव." मावशी म्हणाली, "तूच उठय." एवढ्यात गुरुदासाने माझ्यासाठी बाकडं पुसलं. पुसलं म्हणजे त्याच पंच्याने. मी बसणार नव्हते. पण पाय दुखत होते.

पानावर चार कापं आणून ठेवली समोर. "आका, एक खावन पळय. बरें लागना जाल्यार परत दी."

परत दे! उष्टं!

माझं कुंकू गेलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर चारचौघांत बसून मी काही खाल्लेलं नाही. लग्नकार्यात माझं पान मागे, न्हाणीघराच्या बाजूला मांडतात, तेही पंगती उठल्यावर. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. उलट बरं, वाढणाऱ्यांचा आग्रह नाही.

शेजारी एक म्हातारी ख्रिस्तीण येऊन टेकली. काळे कपडे, म्हणजे तीही विधवाच. पावात ते लाल चोरीस भरलेलं, कोपरापर्यंत ओघळ, आणि बोटं चाटत होती. आवाज करून! एका बाजूला बँड, दुसऱ्या बाजूला ती. येणारा-जाणारा तिला वाट विचारत होता, एकाने तर तिच्याजवळची माचिस मागून घेतली. लाज म्हणून नाही बाईला! किती वेळ मी तिच्याकडे बघत बसले कोण जाणे. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने अर्धा पाव माझ्यापुढे केला. मी घाईघाईने पानावरचं काप उचलून तोंडात टाकलं, म्हणजे तोंड भरलेलं दिसावं.

मीठ कमी. नर्मदेला सांगितलं. तिने त्याला सांगितलं. त्याने मीठ वाढवलं.

मग उरलेली खाल्ली. टाकून देणं बरं दिसत नाही.

५ मे, बुधवार

आज मीठ बरोबर होतं. दोनदा पान भरून घेतलं. मावशी बघत होती, बघू दे.

नर्मदा हसते तेव्हा आईसारखी दिसते हे मला आज कळलं. घरी ती हसतच नसेल.

६ मे, गुरुवार

अस्सं! तर हा बेत होता!

दुपारी मावशी माझ्या शेजारी येऊन आडवी झाली आणि पंख्याने वारा घालायला लागली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. "रुक्मिणी, गुरुदासाक पण मंगळ आसा."

वा! मंगळाला मंगळ! भटजींची केवढी सोय!

लग्न झालेलं नाही. आई आंधळी आहे, तिचं सगळं हाच करतो. घर स्वतःचं, माड आहेत, पाऊस सरला की फेस्तं आणि जत्रा. "पियेत नाय, खोटा बोलत नाय." मी म्हटलं, "आणि कापं जाड कापतो." मावशी चिडली. मीही चिडले. मी हिला एकटीने वाढवली, चार पुस्तकं वाचायला शिकवली, ती काय फेस्तात तळणाऱ्याच्या काइलीशेजारी बसण्यासाठी? लोक विचारतील, मेहुणे काय करतात? तर भजी तळतात. कुठे? परक्या राज्यात!

मावशीला वाटलं, मी एकटी पडेन म्हणून बोलते आहे. म्हणाली, "मग तूच ये हयसर. आमच्या मराठी शाळेक बाय गावना नाय." मी म्हटलं, माझी लोकल बोर्डाची कायम नोकरी आहे, मी काय खुळी आहे? आणि मी एकटी पडेन हे हिला कोणी सांगितलं? मला एकटीला उलट शांतता मिळेल.

उद्या निघतो.

७ मे, शुक्रवार

घरी. होडीत नर्मदा पाठमोरी बसली होती, पलीकडच्या काठाकडे तोंड करून. होडीवाला म्हणाला, "बाय, पुढे बघ, चक्कर येतली." नाही वळली.

१५ जून, मंगळवार

शाळा सुरू. पहिलीच्या वर्गाचं छप्पर मागच्याच ठिकाणी गळतं. हेडमास्तरांनी विचारलं, "घड्याळ?"

२० जून, रविवार

गुरुदास आला होता!

दुपारी जेवणं होऊन मी वह्या तपासायला घेतल्या आणि अंगणात कोणीतरी छत्री झटकली. बघते तर हा. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, पण चिखल गुडघ्यापर्यंत. ग्यासबत्तीत दिसला होता त्यापेक्षा दिवसा बारीक दिसतो. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. नर्मदेने पाणी आणून दिलं आणि आत गेली. चेहरा असा की जसं काही मीच बोलावलं असेल त्याला!

ओटीवर बसला. बाकड्यावर नाही, खाली. थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोललो. मग त्याने गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "आका, हांव मागपाक आयलां." सरळ मागणी! वळणं नाहीत, मध्यस्थ नाही. मोठी माणसं नाहीत का? तर म्हणाला, आई आंधळी, तिला होडीतून कशी आणू?

मी म्हटलं, "इथे येऊन राहा. इथेही जत्रा भरतात, तळ हवं तेवढं." माझी खात्री होती, घराचा आणि माडांचा लोभ सुटायचा नाही. तो म्हणाला, "आवय ना जाल्यार हांव कालच येतलों आशिल्लों." आई नसती तर कधीच आला असता. ती घरातल्या घरात भिंत चाचपत फिरते. उंबरा कुठला, चूल कुठली, तिच्या हाताला माहीत आहे. दुसऱ्या घरात ती एका खाटेवर बसून राहील.  मला त्याचं म्हणणं समजलं, पण समजलं म्हणून काय झालं?

मग मी बोलले. बरंच बोलले. शिकलेलं घर, परकं राज्य, उद्या काय होईल भरवसा नाही, आणि फेस्तातला धंदा. सगळं नीट, मुद्देसूद. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी, "बरें, आका," म्हणून उठला. विहिरीवर पाय धुतो म्हणाला आणि मागल्या दारी गेला. नर्मदा तिथेच भांडी घासत होती. लगेच गेला, फार वेळ नाही थांबला.

पानात कापं होती. सकाळी तळलेली, थंडगार, चिवट झालेली. एवढ्या लांबून थंड कापं आणणारा माणूस!

नर्मदेने ती तव्यावर गरम केली. रात्री दोघींनी खाल्ली. 

२१ जून, सोमवार

नर्मदा नेहमीसारखीच. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. मी सांगितलेलं तिला पटलं हे उघड आहे. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही.

३ जुलै, शनिवार

नेहमीसारखीच आहे, पण परवा भाकरी भाजताना बघत राहिली आणि भाकरी जळली.

११ जुलै, रविवार

गावात एकच बोलणं — गोवा. पंधरा ऑगस्टला सत्याग्रही आत घुसणार म्हणतात. आरोंद्याला पोलीस वाढले. परवान्याशिवाय जाणं-येणं बंद होणार, आणि परवाना कोणाला मिळणार तर कोणालाच नाही. हेडमास्तर अचानक देशभक्त झाले आहेत. प्रभातफेरीत मुलांना काय ओरडायला लावायचं त्याची चिठ्ठी त्यांनी मला शुद्धलेखन तपासायला दिली. चौदा चुका! गोवा मुक्त व्हावा असं मलाही वाटतं, पण निदान ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

१८ जुलै, रविवार

मावशी आली. होडी बंद व्हायच्या आत दोघींना बघून घेते म्हणाली. रडली, जेवली, पुन्हा रडली. मी म्हटलं, बंद झाली तर उघडेलही. ती म्हणाली, "माजो काय भरवसो? आणि त्या गुरुदासाचा तरी काय? तुझ्या भयणीन नाय म्हटल्यापासून माणूस सुकलो."

मी म्हटलं, नकार मी दिला होता. नर्मदेने नव्हे.

मावशीने डोळे पुसले. "तुका म्हायती नाय? तेणां तिका बावडेर, पाय धुवूक गेल्लो तेव्हा, इचारल्यान, त्याच दिवशी. ती म्हणाली, आक्काक सोडून मी येवचंय नाय. तुझ्या बोलण्याचा त्याका कायएक वाटला नाय. तो म्हणता, आका बोलतली आणि मागीर निवतली."

निवतली! मी काय दूध आहे?

मावशी गेल्यावर नर्मदेला समोर बसवली. खरं का? खरं. मग मला का नाही सांगितलंस? "तू विचारूक नाय." आणि मी त्या दिवशी ओटीवर घसा कोरडा होईपर्यंत एवढं बोलले ते?

"तुका बोलाचा होता. म्हटलंय, बोलांदे."

म्हणजे माझ्या नकाराची किंमत शून्य. पुरता महिना मी समजत होते की मी ह्या दोघांना थांबवलं. त्याने ऐकून घेतलं, हिने ऐकून घेतलं, आणि ठरवलं हिने. माझ्यासाठी! जशी मी कोणी अपंग आहे. मी, जिने हिला अक्षर शिकवलं!

इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. जेवले नाही. नर्मदेने ताट झाकून ठेवलं. नंतर जेवले.

२० जुलै, मंगळवार

स्पष्ट सांगितलं तिला, तू जा. मला माणूस आवडला असं नाही. तळणारा तो तळणारा. पण माझ्या नावाने तू इथे कुढत बसायचं कारण नाही. मला उपकार नकोत.

"बरा," म्हणाली आणि बांगडे साफ करत राहिली. तिचं बरा म्हणजे नाही.

२५ जुलै, रविवार

आज मी स्वयंपाक केला. म्हटलं, डोळ्यांनी बघू दे की माझं काही अडत नाही. भात खाली करपला, वर कच्चा. सार म्हणजे नुसतं आंबट पाणी. नर्मदेने तो भात वाढून घेतला, शेवटपर्यंत खाल्ला आणि म्हणाली, "भात बरो झालो." पहिलीतल्या पोराने वाकडा ग काढला की मी ज्या आवाजात शाबास म्हणते, अगदी तोच आवाज!

मी म्हटलं, मी बाई ठेवीन कामाला. ती म्हणाली, "आणि रात्री?" रात्री काय? "गेल्या साली तुका ताप इल्लो तेव्हा तीन दिवस तू शुद्धीत नव्हतंस. माका आई म्हणून हाक मारी होतंस."

हे ती मला आज सांगते आहे. वर्षभर पोटात ठेवून!

मी म्हटलं, तापात माणूस काहीही बोलतो. ती म्हणाली, "होय. म्हणानच कोणतरी लागता आयकूक."

मी उठून करपलेलं पातेलं घासायला घेतलं. 

१ ऑगस्ट, रविवार

मुद्दाम आरोंद्याला जाऊन आले. किरणपाणीवर पोलिसांचा तंबू. चार-सहा टोप्यावाले तरुण झाडाखाली घोषणा पाठ करताहेत. होडीवाल्याला विचारलं. म्हणाला, "बाय, अजून सोडतत. नावा लिवन घेतत, ट्रंका उघडतत, पण सोडतत. आठवड्यान माका विचारू नको." पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. एक कुत्रं तेवढं पाण्याकडे बघत होतं.

एवढी चिखलातून रपेट कशाला केली मी? नर्मदेने विचारलं तर सांगितलं, शाळेच्या कामाला गेले होते. "रविवारी?" म्हणाली.

२ ऑगस्ट, सोमवार

काय अक्कल आहे पहा लोकांची! त्याला आई हलवता येत नाही म्हणून तो इथे येत नाही. हिला मी सोडवत नाही म्हणून ही तिथे जात नाही. दोघं आपापल्या जागी सद्गुणी होऊन बसली आहेत, आणि मध्ये उद्या-परवा नदी बंद होणार. कोणाच्या डोक्यात येत नाही की यात भिंत चाचपत फिरणारं एकच माणूस आहे, आणि ते मी नव्हे. मला डोळे आहेत, पाय आहेत, आणि काल आरोंद्यापर्यंत ते चालले.

रात्रभर झोप नाही. डास.

४ ऑगस्ट, बुधवार

हेडमास्तरांनी आज स्टाफला भाषण दिलं. पंधरा ऑगस्टला सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत यायचं. "या घडीला जो त्या गुलाम भूमीत पाय ठेवील तो देशद्रोही," टेबलावर मूठ आपटून म्हणाले. मी विचारलं, तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांचं काय? त्यांच्या पोरांना मराठी शिकवायला कोण जाणार? म्हणाले, "बाई, हा भावनेचा प्रश्न आहे, तुम्हाला नाही कळायचा." मग ऱ्हस्व-दीर्घ तपासायला पुन्हा एक चिठ्ठी दिली. मी तपासली नाही. तशीच परत केली.

घरी येताना समुद्रावरून आले. काठावर होड्या ओढून ठेवलेल्या, माणूस नाही. सरूच्या झाडाखाली बराच वेळ बसले. या गावात माझ्या नावाला बाई लावतात, रस्त्यात पोरं बाजूला होतात, आणि पान मागे मांडतात. पेन्शन मिळेल. कुठल्या तरी पावसात ताप येईल.

मावशी म्हणाली त्या म्हापशाच्या मराठी शाळेचा पगार काय असतो कोण जाणे. असून असून काय असणार!

५ ऑगस्ट, गुरुवार

राजीनामा हेडमास्तरांच्या हातात दिला. "बाई, हे काय?" म्हणाले. म्हटलं, वाचा.

उद्या सकाळची होडी. होडीवाल्याला निरोप धाडून दोघींची नावं सांगून ठेवली आहेत. नर्मदेला अजून सांगितलेलं नाही, आत भाकऱ्या थापते आहे. आता जाऊन सांगते.